डब्याचा हत्ती

पहिलंच सांगून ठेवतो, मधी कुणी दात काढायचं न्हाईत. आमच्या कोल्हापुरात बायकाबी "मी आलो, मी गेलो" असंच बोलत्यात. पुण्याकडचं पावणं आलं की हसत्यात, "वहिनी, आलो नाही, आले म्हणा." तुमचं आलं घाला जावा तिकडं चहात! आमी असंच बोलतो. पण ह्या बोलण्यापायीच एका बाईची कंबर मोडली आणि दुसरीचा गळा बसला. ते आठवलं की अजून माझ्या डोक्याची शीर उडती.

आमच्या मालकांचं, म्हंजे माझ्या नवऱ्याचं, नाव कृष्णात. उद्यमनगरात वेल्डिंगचं काम करायचे. तिथं फौंड्रीत वाळूचे लोखंडी डबे क्रेननं उचलताना त्यांनी बघितलं आणि त्यांच्या टाळक्यात आलं, बिल्डिंगच्या साइटवर असं का न्हाय? ते शहाण्णव-सत्त्याण्णव साल असंल. जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठवायचा नुसता सपाटा चाललेला. पाडलेली खरमाती कुठं टाकायची? दिवसा रस्त्याकडंला, रात्री नाल्यात. मालकांनी पत्रा आणि अँगल जोडून बैलगाडीच्या साटीएवढे डबे केले. चार कोपऱ्यांना चार कड्या, चार साखळ्या, वर एक हुक. साइटवर ठेवायचे, बायका पाटी-पाटीनं भरायच्या, क्रेन उचलून ट्रकात रिकामा करायची. त्याच डब्यातनं विटा, वाळू वरच्या मजल्यावर जायची. भाड्यानं द्यायचा धंदा. बघता बघता चार साइटींवर आमचे डबे दिसायला लागले.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आण्णा. बिल्डर. सोन्याची चेन, पांढरे बूट, आणि तोंड असं की गटार बरी. त्याच्या कामावर बायकांची मुकादम तानाबाई. आमच्याच गल्लीतली. तिचा आवाज काय सांगू! ती दारात उभी राहून लेकाला हाक मारायची आणि पार चौकातली रिक्षा थांबायची.

आता क्रेन उचलायची तर खाली एक माणूस लागतो. हात दाखवायला, शिट्टी मारायला, आजूबाजूला कोण न्हाय ना बघायला. मालकांनी आण्णाला किती येळा सांगितलं, माणूस ठेवा. आण्णा म्हणायचा, "एवढी खणखणीत बाई असताना शिट्टी कशाला, मर्दा?" असं म्हणून खी खी हसायचा. मग काय, डबा भरला की तानाबाई वरडायची, "डबा उचल रे!" आणि सिद्धराम क्रेन उचलायचा.

सिद्धराम संकेश्वरकडचा. घरात कानडी, बाहेर आमची मराठी, आणि दोन्हीची त्यानं केलेली भेळ. बाईला म्हणायचा "का रे अक्का", आणि आण्णाला म्हणायचा "काय गं आण्णा." सगळ्या साइटची त्यावर करमणूक व्हायची. गं काय, रे काय, त्याला सगळं सारखंच. मी तर म्हणतो, जिथं आमी बायकाच "आलो-गेलो" करतो, तिथं त्या बिचाऱ्याला कुठनं कळणार?

त्या दिवशी दुपारी बायका जेवून उठत होत्या. डबा एका अंगाला भरलेला, दुसऱ्या अंगाला मोकळा, हुक अडकवलेला, ट्रक दारात आलेला. सिद्धरामनं वर बसून इंजिन चालू केलेलं. तानाबाईची जाऊ शालूबाई, तिला चुलीला सरपण पायजे होतं. पाडलेल्या घराच्या चौकटीचे तुकडे डब्यात पडलेले. आण्णा असला की एक काटकी उचलू द्यायचा न्हाय, जसं काय ती लाकडं त्याच्या सरणाला लागणार होती. म्हणून आण्णा जेवायला घरी गेल्यावर ती डब्यात उतरली आणि खाली बसून लाकडं निवडाय लागली. डब्याचा काठ छातीएवढा. बसलेली बाई कुणाला दिसणार? सिद्धरामच्या नजरंपुढं तर ट्रक आडवा.

तिचा जेवणाचा डबा भिंतीकडंला उघडाच राहिलेला. तानाबाईनं बघितलं, भाकरीवर मुंगळं चढलेलं. शालूबाई कुठं दिसंना. हिनं आपली नेहमीची आरोळी ठोकली, "शाले, डबा उचल गं! मुंगळं लागलं!"

इंजिनच्या घरघरीत वर काय पोचलं? "डबा उचल." तेवढंच. आवाज तोच, बोल तेच. सिद्धरामनं दांडा वडला.

पहिल्या मजल्याएवढा डबा वर गेल्यावर शालूबाईची किंकाळी ऐकू आली. ती उठून काठाला धरायला गेली, डबा एका अंगाला कलला, आणि ती आली ती थेट विटांच्या ढिगावर.

जीव वाचला. कंबर गेली. सीपीआर दवाखान्यात किती दिवस पडून होती, त्याचा हिशेब मी ठेवला न्हाय. घरी आली ती काठी घेऊन.

आता आण्णाचं बघा. हा बाबा जेवून, पान खाऊन आला आणि सगळ्यांच्या पुढं म्हणाला, "ह्या बाईच्या तोंडानं घात केला." तानाबाईच्या तोंडानं! आरं मुडद्या, शिट्टीवाला माणूस कुणी ठेवला न्हाय? बाईच्या नरड्यावर फुकटात क्रेन कुणी चालवली? पण मोठ्याच्या पापाला पांघरूण आणि गरिबाच्या शब्दाला फास. लोकांनीबी तेच धरलं. नळावर तानाबाई आली की बायका कुजबुजायच्या. पोरं तर मागनं "डबा उचल" म्हणून पळायची.

तानाबाई गप्प झाली. म्हणजे आजारी न्हाय, मुकी न्हाय. पण आवाज असा काढायची की शेजारी बसून कान लावावा लागायचा. साइट सोडली आणि मंगल कार्यालयात भांडी घासायला लागली. मला म्हणाली, "तिथं वरडावं लागत न्हाय, आक्काताई." घरात जेवणाचा डबा भरायची, पण "डबा" हा शब्द तोंडातनं काढायची न्हाय. "ते घे," म्हणायची. मला लई वंगाळ वाटायचं.

सिद्धराम एक दिवस आमच्या दारात येऊन लहान पोरासारखा रडला. "अक्का, गं न्हाय ऐकू आला मला. डबा उचल एवढंच आला की रे."

मालक सगळं ऐकत बसलेले. मग म्हणाले, "चूक हिच्या तोंडाची न्हाय, त्याच्या कानाची न्हाय. चूक नावाची हाय. जेवायचाबी डबा आणि खरमातीचाबी डबा, कसं चालंल? नाव बदलाय पायजे."

मी म्हणलो, बदला की, नावाला काय पैसे पडत्यात? पण बसल्यावर कळलं, साइटवर मोकळं नावच न्हाय शिल्लक. पेटी म्हणावं तर हत्यारांची पेटी असती. पाटी बायकांच्या डोक्यावर. टाकी पाण्याची. सिद्धराम म्हणाला, घोडा म्हणा. घोडा म्हणजे प्लास्टरवाले वर चढत्यात ते लाकडी ठाण. मी वैतागून म्हणलो, गाढव ठेवा! मालक म्हणाले, "गाढव तर दिवसातनं शंभरदा म्हणत्यात एकमेकांला, क्रेन खाली यायचीच न्हाय." मग तेच म्हणाले, "हत्ती. साइटवर हत्ती कुठंच न्हाय."

आणि डबे रंगवले. निळा रंग घरात उरलेला होता, चौदा एप्रिलला कमान केलेली त्यातला. त्यावर पांढरा हत्ती स्वतःच्या हातानं काढला. कसला हत्ती! सोंड होती म्हणून, न्हायतर रेडाच. म्हणून खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, हत्ती. आणि अट घातली, भाड्यानं नेणाऱ्यानं ह्याला हत्तीच म्हणायचं. डबा म्हणला की हत्ती परत आणणार.

लोक हसले, पण न्यायला लागले. आण्णानं मात्र बघितलं आणि भडकला. "निळा रंग, वर हत्ती? माझ्या साइटवर निवडणुकीचा प्रचार लावलास व्हय रे? पुसून टाक."

मालक म्हणाले, "मत मागाय न्हाय आलो, आण्णा. बाई मरू नये म्हणून काढलाय."

"तुमच्या लोकांचं हे असंच. कशातबी आपलं घुसडायचं."

तुमच्या लोकांचं! ऐकलं का? आमचे डबे चालत होते, आमच्या बायकांची डोकी पाट्यांखाली चालत होती, तवा आमी "आमचे लोक" न्हवतो. एका हत्तीनं झालो. माझ्या हातात त्या टायमाला पाटी असती तर त्याच्या टकुऱ्यात घातली असती.

मालकांनी पुसला न्हाय. आण्णानं गावभर सांगितलं, ह्याचे डबे घ्यायचे न्हाईत. स्वतः दुसरीकडनं पिवळे डबे करून आणले. आमचे हत्ती दारात पालथे पडले, वर शेजारची शेरडं बसायला लागली. घरात चूल थंड आणि दारात हत्ती! मीबी बोललो, खोटं कशाला सांगू? "पुसा तो हत्ती. पोरांच्या ताटात काय हत्ती वाढू?"

मालक शांतपणानं म्हणाले, "ज्या दिवशी तानाबाई साइटवर बिनघोर वरडंल, त्या दिवशी पुसतो. तवर न्हाय." माणूस गरीब दिसतो, पण हट्टाला असा की कडी तुटंल, वेल्डिंग तुटायचं न्हाय. परत वर्षभर त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात रोजावर काम केलं.

मग नागाळा पार्कातलं आण्णाचं मोठं काम आलं. त्याच्या एका पिवळ्या डब्याच्या कडीला चीर गेली आणि सिद्धराम मालकांना बोलवायला आला. मी म्हणलो, जाऊ नका, मरू दे तिकडं. मालक म्हणाले, "आण्णाच्या डब्याखाली आण्णा न्हाय गं उभा राहात. बायका राहत्यात." आणि गेले. मीबी मागनं गेलो, आण्णाची जिरती का बघायला. खोटं कशाला बोलू?

कडी जोडली. डबा भरला. आण्णा खालनं वरडला, "डबा उचल!"

सिद्धरामनं इंजिन बंद केलं. "जेवायचा टायम झाला न्हाय की गं आण्णा."

"आरं हा डबा!"

"हा हत्ती. डबा म्हटला की मी उचलणार न्हाय. एकदा उचलला, बास झाला."

आण्णानं त्याच्या आईबापाचा उद्धार केला. सिद्धराम तंबाखू मळत बसला. क्रेनवाले त्या वक्ताला गावात हाताच्या बोटावर मोजण्याएवढे, आण्णा दुसरा आणणार कुठनं? आणि बायकांनी काय केलं म्हणता? एकेकीनं पाटी खाली ठेवली. कुणी सांगितलं न्हवतं. पदर खोचून उभ्या राहिल्या सगळ्या. मागं ट्रकवाले हॉर्न मारून जीव खायला लागले. आण्णाचं तोंड लाल झालं, मग काळं झालं, आणि तो पुटपुटला, "हत्ती उचल."

"ऐकू न्हाय आला."

"हत्ती उचल रे भाड्या!"

मी अशी हसलो, अशी हसलो, की मालकांनी माझा दंड धरला. त्यावर सिद्धरामनं दुसरी अट टाकली. खाली वरडायला तानाबाई पायजे, आणि तिच्या जोडीला शिट्टीवाला माणूस. दोघांनाबी दिवसाचा रोज मिळणार. आण्णाला मान हलवावीच लागली.

तानाबाई यायला तयार न्हवती. मी तासभर घसा कोरडा केला. नुसती मान हलवायची. शेवटी आतनं काठी टेकत शालूबाई आली. "माझी कंबर गेली. आता तुझा गळा कशाला जायला पायजे? दोघी मिळून एक धड बाई तरी राहू दे घरात. जा!"

दुसऱ्या दिवशी तानाबाई आली. सकाळभर शिट्टीवाला शिट्टी मारायचा आणि ही "हत्ती उचल" म्हणायची, पण असं की वर काय पोचंना. सिद्धराम शिट्टीवर उचलत राहिला.

मालक बाकीच्या कड्या तपासाय तिथंच थांबलेले, म्हणून दुपारी मी त्यांचं जेवण घेऊन गेलो. भिंतीकडंला ठेवलं आणि नळावर पाणी प्यायला गेलो. पिवळा हत्ती भरलेला, हुक अडकवलेला, इंजिन चालू. बायका जेवत होत्या. आणि मागनं आवाज आला. तोच जुना, चौकातली रिक्षा थांबवणारा.

"आक्काताई, डबा उचल गं! मुंगळं लागलं!"

बायकांचे घास हातातच राहिले. सगळ्यांनी वर बघितलं. तानाबाईनं दोन्ही हात तोंडावर दाबले, तिचे डोळे मी कधी इसरायचो न्हाय.

हत्ती जागच्या जागी. साखळीसुदिक हलली न्हाय. वरनं सिद्धरामनं दोन्ही हात खिडकीच्या भाईर काढून दाखवले. एका हातात भाकरी होती.

"कुठला रे अक्का? जेवायचा न्हवं?"

तानाबाईनं तोंडावरचा हात काढला. "व्हय रे मुडद्या, जेवायचाच!" असं काय वरडली, की रस्त्यावरनं लोक आत बघाय लागले. आणि तिथंच विटांवर बसून ती रडाय लागली. मालक ब्रश-रॉकेल आणाय पळाले न्हाईत, नुसते तिच्याकडं बघत उभे राहिले. दारातले हत्ती पुसायचं त्या दिवशी कुणाच्या ध्यानातच न्हवतं, आणि मीबी आठवण केली न्हाय.

मी गेलो, आणि माझा डबा उचलला.