शेपटीचा रकाना

मोहिउद्दीन चाचांच्या कुडत्याची उजवी बाही पांढरी होती आणि डावी काळी. पांढरकवड्याच्या बाजारात नवखा माणूस त्यांच्याकडे वळून बघायचा. जुन्यांना ठाऊक होतं की चाचा कापसाच्या जिनात माल पारखणारे ग्रेडर आहेत, आणि पांढरी रुई पांढऱ्या कापडावर दिसत नाही. काळं कापड सईदाचाचीच्या जुन्या बुरख्यातलं. दर हंगामाआधी चाची त्यातला एक तुकडा कापून नव्या कुडत्याच्या बाहीवर शिवून द्यायची.

"बुरखा संपला की नोकरी संपली," असं चाचा म्हणायचे. पुढे झालं ते वेगळंच. बुरखा बराच उरला.

आमचं जिन हायवेला लागून. कापूस यायचा, रेच्यांवर सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. फाटकापाशी चाचांचं स्टूल. गाडी आली की ते वर चढायचे, ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढायचे आणि खाली येऊन बसायचे. मग सरकीवरून रुई सोडवायची, अंगठा आणि बोटात धरून ओढायची, परत जुळवायची, परत ओढायची. दहा-बारा ओढींत तंतू सरळ व्हायचे. ती बारीकशी पेंढी बाहीवर ठेवून तिच्या दोन्ही कडा बघायचे आणि एवढंच बोलायचे, "चालन." नाहीतर, "याले शेपटी हाय."

शेपटी म्हणजे काय ते मला तीन महिने कळलं नाही. मी बीएस्सी होतो, ते एक कारण असेल.

चाचांचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडील गावोगाव फिरून गाद्या-रजया भरून द्यायचे. चाचांना कापूस कळला तो गाद्यांमधून. ज्या रुईत आखूड तंतू जास्त, तिची गादी दोन हिवाळ्यांत गोळे धरते आणि सगळी रुई कोपऱ्यात जाऊन बसते. लोक पिंजाऱ्याला शिव्या देतात. "थ्या शिव्या आयकून आयकून मले रुई समजली," चाचा सांगायचे. या शिक्षणावर त्यांनी जिनात एकतीस हंगाम काढले.

मी आलो तो २००६ च्या दिवाळीनंतर, एका सेकंडहँड मशीनसोबत. कापसाची ती वाईट वर्षं. हायवेवरून पाहणीवाल्यांच्या गाड्या एकामागे एक जायच्या, चहाला आमच्या फाटकासमोर थांबायच्या. सगळे सरासरी विचारायचे. एकरी सरासरी किती, घरटी सरासरी किती. एखाद्या गावात दोघांकडे विहिरी आणि साठ घरं आभाळाकडे बघणारी, तर त्यांची सरासरी काढून ती वहीत लिहून घ्यायचे. त्या सरासरीएवढं पीक गावात एकालाही झालेलं नसायचं. आमच्याकडे आवक इतकी कमी झाली होती की अर्धे रेचे झाकून ठेवले होते.

त्यात आदल्या हंगामात दक्षिणेतल्या एका सूतगिरणीने आमच्या गाठींचा अख्खा ट्रक परत पाठवला. म्हणे, सूत तुटतं. त्या मालाला शेपटी आहे हे चाचांनी गाडीवरच सांगितलं होतं, पण आवक नाही म्हणून तो तसाच मिसळला गेला. ट्रक परत आल्यावर मात्र चाचांनी सांगितलेलं कोणाच्या लक्षात नव्हतं. ते ग्रेडर होते एवढंच लक्षात होतं. मग मालक अमरभाऊंनी मशीन आणलं. रुईची चिमूट आत ठेवली की तंतूंची सरासरी लांबी छापून देणारं. ते चालवायला यवतमाळच्या कॉलेजातून स्टॅटिस्टिक्स घेऊन पास झालेला, कुठेच न लागलेला मी.

"होळीपर्यंत दोघंही बसा," अमरभाऊ म्हणाले. "मंग फाटकावर एकच राह्यन. दोघायचं मले झेपत नाई."

म्हणजे चाचांचं स्टूल किंवा माझं टेबल. माझ्या बाजूने मशीन होतं, मला काळजी नव्हती. पण सईदाचाचीच्या डब्यातली मेथीची भाजी रोज माझ्याही पोळीवर पडू लागली, आणि जानेवारी येईतो मला चाचांचीच काळजी वाटायला लागली. भाजीचा परिणाम.

फेब्रुवारीत एकाच सकाळी दोन गाड्या आल्या. एक बोरी अरबकडून, एका शेतकऱ्याची. दुसरी एका व्यापाऱ्याची. मशीनने दोन्हींना एकच आकडा दिला, साडेसव्वीस मिलिमीटर. मी दोन्ही चिठ्ठ्या फाडून अमरभाऊंच्या हातात दिल्या.

चाचांनी पहिलीची पेंढी बाहीवर ठेवली. "चालन." दुसरीची ठेवली, जरा वाकून बघितली. "याले शेपटी हाय. फरदड मिसळली."

फरदड म्हणजे वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीचा शेवटचा कापूस. तंतू आखूड आणि कमजोर. कोणीतरी चांगल्या लांब कापसात ती मापून मिसळली होती.

"चाचा, मशीन तर सारखं सांगून राह्यली," अमरभाऊ म्हणाले.

"मशीन सरासरी सांगते. सूत सरासरीनं तुटत नाई, भाऊ."

फाटक झाडणारी बसंतीबाई हातातला खराटा थांबवून म्हणाली, "आता बीएस्सीले इचारा. थ्यो शिकेल हाय."

अमरभाऊंनी घड्याळ बघितलं. "दुपारपर्यंत काय ते मले कागदावर दाखव. नाईतर आजच ठरवून टाकतो."

दुपार म्हणजे चार तास. कॉलेजात आमचे सर स्क्यूनेस शिकवताना यवतमाळच्या स्टँडचं उदाहरण द्यायचे. एसटी लवकर आली तर पाच मिनिटं, उशिरा आली तर दोन तास. सगळ्या वेळा आलेखावर मांडल्या तर टेकडी मधोमध उभी राहत नाही, एका अंगाला लांबत जाते. तेच गणित ते नदीतल्या गोट्यांना लावायचे, पावसाच्या दिवसांना, दवाखान्यात पेशंट किती दिवस राहिला त्यालाही. "सरासरी सगळे विचारतात," ते म्हणायचे, "कलंडलंय कुठं, ते कोणी विचारत नाही." आम्ही सूत्र पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. रुईचं उदाहरण त्यांनी दिलं नव्हतं. शेपटी म्हणजे तेच, आखूड तंतूंकडे लांबत गेलेली टेकडी, हे मला त्या सकाळी फाटकावर कळलं.

एकेक तंतू ठेवायला काळं कापड हवं होतं. चाचांनी डावा हात माझ्या टेबलावर आडवा टाकला. "घे. हाताला कामच काय हाय?"

त्यांच्या बाहीवर मी एका गाडीचे दोनशे आणि दुसरीचे दोनशे तंतू एकेक करून ठेवले आणि पट्टीने मोजले. चाचांनी तेवढा वेळ हात हलवला नाही. माशी बसली तरी नाही. बसंतीबाईने चहा त्यांच्या उजव्या हातात आणून दिला.

मग मी सरासरीपासून प्रत्येक तंतूचं अंतर काढून त्याचा घन करायला बसलो.

"तीनदा काहून गुणतं?" चाचांनी विचारलं.

"दोनदा गुणलं की उण्याचं अधिक होते, चाचा. मंग आखूड कोन अन् लांब कोन, समजतच नाई. तीनदा गुणलं की उणे उणेच राह्यते. अन् जो लई दूर असन, त्याचा आकडा लई मोठा होते."

चाचांनी बाहीवरच्या तंतूंकडे बघितलं. "म्हंजे जो दूर पडला, त्याची गोष्ट जास्त आयकाची."

"हो."

"मंग तुहं गणित बरं हाय. मानसं असं नाई करत."

बोरीवाल्या गाडीचा आकडा शून्याच्या जवळ आला. टेकडी जवळपास मधोमध. व्यापाऱ्याच्या गाडीचा आला उणे एक. कागदावर टेकडी काढली तर उजवीकडे उभा कडा आणि डावीकडे लांबच लांब उतार. एका टेकडीत तो माल बसेना. दोन टेकड्या काढल्या, एक मोठी एकोणतीसवर आणि एक लहान एकोणीसवर, तेव्हा बसला. लहान ती फरदड. चौथा हिस्सा.

"पाव हिस्सा," चाचा कागद न बघताच म्हणाले होते. ते मी लिहून ठेवायला पाहिजे होतं. लिहिला फक्त माझा आकडा.

अमरभाऊ आले. मी टेकड्या दाखवल्या, उतार दाखवला, उणे एक दाखवला. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा तो पहिलाच उपयोग होता, मी भरभरून बोललो. चाचा खोटं बोलत नव्हते, त्यांना मशीनपेक्षा जास्त दिसतं, आणि हा घ्या पुरावा.

अमरभाऊंनी कागद दोनदा बघितला. त्यांना खरंच पटलं. व्यापाऱ्याची गाडी त्यांनी तिथूनच परत फिरवली. मग म्हणाले, "म्हंजे शेपटी आकड्यात येते?"

"येते ना," मी म्हणालो.

"मंग फॉर्मात एक रकाना वाढव. सरासरीच्या बाजूले. शेपटी." ते चाचांकडे वळले. "चाचा, आता तुमाले उन्हात बसाचं काम नाई. ह्या पोरानं तुमचं सगळं कागदावर आनलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. चाचांना लागला नाही. त्यांनी बाहीवरचे चारशे तंतू फुंकून टाकले, बाही झटकली आणि स्टूल उचलून भिंतीला लावलं.

"चाचा, मी तर तुमच्याच बाजूनं..." मी म्हणालो.

"तूच होता बाप्पा माह्या बाजूनं," चाचा म्हणाले. "मशीन एकटी असती तं मी अजून दोन वर्सं टिकलो असतो."

होळीला त्यांचा हिशेब झाला. बसंतीबाईने त्या दिवशी फाटक झाडलं नाही. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात छापून आलेल्या फॉर्मात खरोखरच रकाना होता. सरासरी, ओल, कवडी म्हणजे किडका कापूस, आणि शेपटी. आता एका गाडीचे दोनशे तंतू मोजायला दोन तास लागतात. पहिल्या दिवशी मी तिसरी गाडी मोजत होतो तेव्हा मागे अकरा उभ्या होत्या आणि बंडीवाले बैलांसकट ओरडत होते. अमरभाऊ टेबलापाशी आले. "थे तीनदा गुणनं राहू दे आता. वेळ भेटला की करजो." वेळ भेटला नाही. रकाना रिकामा ठेवला तर हिशेबनीस फॉर्म परत पाठवतो. म्हणून मी शून्य लिहायला लागलो.

डिसेंबरात चाचांकडे गेलो होतो. ते घराच्या ओट्यावर एक गादी उसवत बसले होते. त्यांनी पुन्हा बापाचा धंदा धरला होता. कुडत्याच्या दोन्ही बाह्या पांढऱ्या. आतून सईदाचाचीने विचारलं, "बीएस्सी आला का? त्याले म्हना, बुरखा अजून पडेल हाय, अर्धा."

चहा आला. चाचांनी विचारलं, "रकाना भरतं ना रे?"

"भरतो."

"काय भरतं?"

"शून्य."

"शून्य म्हंजे?"

"दोन्ही बाजू सारख्या. शेपटी नाई."

"सगळ्यायले?"

"सगळ्यायले."

चाचांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागवायला जो दम लागतो तो त्यांनी गादीसाठी राखून ठेवला असावा. माझ्या खांद्याला जिनातली रुई चिकटली होती. त्यांनी ती बोलता बोलता काढली, अंगठ्यात धरली, ओढली, जुळवली, परत ओढली. सवयीने डाव्या बाहीवर ठेवली. पांढऱ्यावर पांढरं, मला काहीच दिसलं नाही. त्यांनी नुसतं बोट फिरवलं.

"आजच्या गाडीतली?"

"हो. सकाळच्या."

"याले हाय," चाचा म्हणाले आणि उसवायला लागले.

त्या गाडीसमोर मी सकाळीच शून्य लिहून आलो होतो.