नबी मिस्तरीची सहावी पट्टी

भातकुलीचा नबी मिस्तरी जाळ्या करायचा. खिडकीच्या, सज्जाच्या, दर्ग्याच्या. सगळ्या लाकडी आणि सगळ्या षट्कोनी. चौकोनी जाळी कुणीही सुतार करतो, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचं नाक जरा वर जायचं. जाऊ द्या की, त्यानं ते कमावलेलं होतं. सागवानाच्या बोटाएवढ्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसवायच्या, खिळा नाही की सरस नाही. सहा पट्ट्यांचं एक घर, आणि प्रत्येक भिंत शेजारच्या घराशी सामाईक. वैशाखातली झळसुद्धा त्या घरांमधून आत येताना थोडी नरम व्हायची.

ही विद्या बापाची. शफीक मिस्तरीला माप घेताना कुणी पाहिलं नाही. एक खिळा आणि एक दोरी, एवढंच त्याचं गणित. दोरीनं वर्तुळ काढायचं, मग तेवढीच दोरी वर्तुळाच्या कडेवर एकेक पाऊल टाकत न्यायची. सहाव्या पावलाला निघालो तिथंच परत येतो, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. शफीकनं हे मुलाला दाखवलं तेव्हा खुशालही शेजारीच मांडी घालून बसला होता. खुशाल म्हणजे गावातल्या एका कास्तकाराचा मुलगा. दोघं एका वयाचे, आणि नबीच्या घरच्या भाकरीवर खुशालचा नबीइतकाच हक्क होता.

त्याच दिवशी दोघांनी पेढी नदीच्या काठावरून मधाचं पोळं काढून आणलं होतं. तोंडं सुजली होती, तरी हसत होते. शफीकनं पोळ्याचा तुकडा उजेडात धरला आणि म्हणाला, बघा, माशीला ना दोरी ना खिळा, तरी साऱ्या घरांचे कोन सहा. मग त्यानं पोळ्याची कड दाखवली. तिथलं एक घर अर्धवट होतं. शफीक म्हणाला, ही नम्रता. आपणही प्रत्येक जाळीत एक पट्टी बसवायची नाही. पुरं काम करणारा एकच, वरचा. पाच पट्ट्या आपल्या, सहावी त्याची. आणि हे गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्या नम्रतेचीही बढाई होते. त्यानं दोन्ही मुलांना तशी शपथ घातली. शफीक गेल्यावर साऱ्या दुनियेत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक राहिली.

पुढं सातासमुद्रापार अमेरिकेत आपसातली लढाई पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडे वऱ्हाडात बोंडाला सोन्याचा भाव आला. ज्यांच्या धोतराला ठिगळं होती ते जरीचा फेटा बांधू लागले. खुशालची काळी जमीन चांगली आणि डोकं जमिनीहून चांगलं. चार हंगामांत खुशालचा खुशालराव झाला आणि त्यानं अमरावतीत राजापेठेच्या अंगाला दुमजली घर बांधायला काढलं.

एक दिवस तो छकड्यातून उतरला तो थेट नबीच्या लाकडांच्या ढिगावर येऊन बसला. जरीकाठाचं धोतर, पण बसला पूर्वीसारखाच. म्हणाला, "माह्या सज्जाच्या बाराही जाळ्या तुह्याच हातच्या पायजेत. येनारा-जानारा मान वर करून विचारीन, हे काम कोनाचं?"

नबी त्या वेळी अकोल्याच्या एका दर्ग्याचं काम हातात घेऊन बसला होता. ते त्यानं दुसऱ्या मिस्तरीला देऊन टाकलं. बायको शहाजादी म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला? नबी म्हणाला, पळता कोण, खुशाल? त्याला खरोखरच त्या शंकेचं हसू आलं. माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढला की त्याला खालचं दिसत नाही, आणि नबीला तर त्याच्या जिवाभावाच्या माणसानं चढवलं होतं.

दोन महिने खपून त्यानं नमुन्याची पहिली जाळी केली. इतकं नाजूक काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. खालच्या कोपऱ्यात एका घराची एक पट्टी त्यानं रिवाजाप्रमाणं सोडली. खुशालराव आला, त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून ओळखीचं हसला आणि जाळी घरी दाखवायला घेऊन गेला. नबी उरलेल्या अकरा जाळ्यांच्या पट्ट्या कापायला बसला. पाऊस संपला, कापूस फुटला, वेचून झाला. पट्ट्यांची चळत छातीएवढी झाली, पण अमरावतीहून निरोप आला नाही. आला तो थेट वास्तुशांतीचा.

नबी धुतलेला अंगरखा घालून गेला. नव्या घरासमोर उभा राहून त्यानं मान वर केली, आणि सज्जावर त्याला बारा जाळ्या दिसल्या. लोखंडाच्या. काळ्या, चकचकीत, षट्कोनी. जाळीतल्या घरांचा आकार नबीचा, काठाची नक्षी नबीची. बाराही जाळ्या पुऱ्या होत्या, कुठंही एक पट्टी कमी नव्हती.

तो परसात पाणी प्यायला गेला. तिथं विहिरीच्या कठड्याला त्याचीच नमुन्याची जाळी टेकवून ठेवली होती. खाचांत काळी रेती अडकली होती. आणि खालच्या कोपऱ्यात, सोडलेल्या जागी, कुणीतरी फिक्या परदेशी लाकडाची पट्टी खिळ्यानं ठोकली होती. नबीनं त्या खिळ्यावरून अंगठा फिरवला. त्याला आधी बापाची आठवण झाली, राग नंतर आला.

अकोल्याचे कापसाचे व्यापारी महादेवराव तिथं हात धूत होते. त्यांनी चौकशी केली, आणि हाच तो भातकुलीचा मिस्तरी हे कळल्यावर हळहळले. त्यांनाही घराला जाळ्या करायच्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की मुंबईच्या कारखान्यात लाकडी नमुना रेतीत दाबतात आणि त्या ठशात लोखंड ओततात. मग म्हणाले, खुशालराव तर ओसरीवर सगळ्यांना सांगत होते, की मिस्तरी चांगला होता पण आता हात चुकतो. एक पट्टीच विसरला, ती मुंबईत दुरुस्त करून घ्यावी लागली, मग म्हटलं सगळंच काम तिकडे देऊन टाकू. तेव्हा, महादेवरावांनी विचारलं, खरं काय ते मिस्तरी तुम्हीच सांगा.

गरज सरो, वैद्य मरो हे नबीनं सोसलं असतं. लोखंडाची हौस असती तर तीही त्यानं समजून घेतली असती. पण त्याच्या हाताचं नाव जात होतं, आणि ते वाचवायला बापाची शपथ मोडण्यावाचून रस्ता नव्हता. त्यानं ती मोडली. ओसरीवर पानविडे घेत बसलेल्या मंडळींसमोर त्यानं पोळ्यापासून सहाव्या पट्टीपर्यंत सारं सांगितलं. शेवटी म्हणाला, "खुशालले ठाव हाय. माह्या बापानं त्याले माह्यासोबतच सांगतलं होतं."

सगळे खुशालरावांकडे पाहू लागले. महादेवरावांनी सरळ विचारलं, असा काही रिवाज आहे का? एक हो पुरला असता. खुशालरावांनी सुपारी कातरून संपवली, अडकित्ता ताटात ठेवला.

"आमी तर असं कधी आयकलं नाई बा," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. महादेवराव नबीकडे न बघता पान लावू लागले. नबी चपला घालून बाहेर पडला.

गल्लीच्या तोंडाशी मागून हाक आली. खुशालराव धापा टाकत आले होते, फेटा न बांधताच. त्यांनी नबीचा हात धरला. "मले ठाव हाय रे नबी, शफीकचाचाचा एकेक शब्द ध्यानात हाय. पन मी पयलेच बोलून बसलो होतो, मंग येवढ्या लोकायसमोर कसा फिरू? गोठ्याचं सारं काम तुलेच देतो."

नबीनं हात सोडवून घेतला. "खोटं चारचौघांत बोलला," तो म्हणाला, "आन् खरं बोलाले गल्लीत आला."

ओसरीवरून कुणी खुशालरावांना हाक मारली आणि ते परत गेले, जरा घाईनंच.

नबी पायी भातकुलीला आला तेव्हा दिवस बुडायचा होता. एवढ्या लवकर कसा आला म्हणून शहाजादीला नवल वाटलं. तिनं विचारलं, "खुशालभाऊनं जेवाले नाई थांबवलं का?"

नबी म्हणाला की जेवण चांगलं होतं, घरही चांगलं झालं आहे. एवढं बोलून तो पट्ट्यांच्या चळतीजवळ खाली बसला आणि रडला. बाप गेला तेव्हाही तिनं त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि काय झालं ते त्यानं तिला मरेपर्यंत सांगितलं नाही.