मामांच्या नकळत बदललेलं झाड

गेल्या सोमवारी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझा एक घोळ उघडा पडला. घातला होता आधीच, अगदी चांगल्या मनानं... तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमच्याकडे झाडं दोनच. एक पीस लिली आणि एक स्नेक प्लांट. दोन्ही एकाच दिवशी आणलेली, दोन्हींना कडक ऊन नको, नुसता उजेड असला की झालं. त्यामुळे मला आधी वाटलेलं, दोघांचं सगळं सारखंच असणार. कसलं काय!

पीस लिली म्हणजे महा नखरेल. पाणी जरा कमी पडलं की सगळी पानं खाली टाकून बसते, बघणाऱ्याला वाटावं गेलीच आता... आणि पाणी घातलं की दुपारपर्यंत परत ताठ. स्नेक प्लांटचं नेमकं उलटं. माती पार कोरडी झाल्याशिवाय त्याला पाणी द्यायचंच नाही, दोन-तीन आठवडे विसरलात तरी तो काही म्हणत नाही. पण पाणी जास्त झालं की खाली मुळं सडतात, आणि वर बरेच दिवस पत्ताच लागत नाही.

हे मला वाचून वाचून कळलं होतं. मामांना कोण सांगणार?

मामा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म कोडोलीत ऊस करण्यात गेला. सासूबाई गेल्या, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही त्यांना इकडे आणलं. शेत आता धाकटे दीर बघतात. इथं आल्यावर पहिले काही महिने मामा नुसते सोफ्यावर बसून असायचे... समोर टीव्ही चालू आणि लक्ष भलतीकडंच.

मग एके सकाळी आपणहून तांब्या घेऊन बाल्कनीत गेले. त्या दिवसापासून दोन्ही कुंड्या त्यांच्या. चहाच्या आधी पाणी, मग पानं पुसणं, मग मला किचनमध्ये येऊन सगळा रिपोर्ट. स्नेक प्लांटच्या कडेला बोटाएवढा कोंब वर आला, तेव्हा तर "फुटवा आलाय, फुटवा!" म्हणून शेजारच्यांना बोलावून दाखवला.

रोज तांब्याभर पाणी जास्त होतंय, असं मी एकदा म्हटलंही. "अगं, पाण्यानं कुठं झाड मरतंय व्हय?" म्हणाले आणि खदाखदा हसले. उसाला पाणी पाजण्यात हयात गेलेल्या माणसाला पाणी कमी घाला म्हणून किती वेळा सांगायचं? शिवाय ते इतके खुशीत होते की मीही पुढं काही बोलले नाही.

मग मामा पुतणीच्या लग्नाला कोडोलीला गेले. मी पानांवरची धूळ पुसायला गेले, तर स्नेक प्लांटचं पान अलगद माझ्या हातात आलं. बुडाशी पिवळं, लिबलिबीत, आणि असला घाण वास... फुटवासुद्धा गेला होता.

झाडाचं काही नाही हो, काळजी मामांची. हे बघितलं की परत त्या सोफ्यावर जाऊन बसतील, एवढंच डोक्यात. तशीच गाडी काढली, शाहूपुरीतल्या नर्सरीतून त्याच उंचीचा स्नेक प्लांट आणला आणि जुन्या कुंडीत लावून टाकला. नवरा म्हणाला, "हुबेहूब! त्यांना कळायचंसुद्धा नाही." मी खूश... शहाणीच ना मी!

नव्या झाडाला फुटवा नव्हता, हे काही लक्षातच आलं नाही.

मामा परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन बाल्कनीत गेले, बराच वेळ उभे राहिले आणि पाणी न घालताच आत आले. मला वाटलं, प्रवासानं दमले असतील. सोमवारी बघते तर पीस लिलीनं सगळी पानं खाली टाकलेली आणि मामा शेजारीच खुर्ची टाकून बसलेले.

"मामा, पाणी नाही घातलं?" मी विचारलं.

"जुनं मेलं न्हवं?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

एरवी मामांचं साधं बोलणंसुद्धा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. त्या दिवशी इतकं हळू बोलले की मला जवळ जाऊन बसावं लागलं.

"माझ्या हातनं लई पिकं गेल्यात पोरी. पुरात उसाचा अख्खा फड कुजल्याला बघितलाय मी. पर दुसऱ्याचा ऊस आणून माझ्या रानात कुणी उभा केला न्हवता... मला सांगायचं की गं."

मी सॉरी म्हटलं. रडले पण. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, "ऱ्हाऊ दे, जा, जेवून घे" म्हणाले. पीस लिलीला मग मीच पाणी घातलं, ती दुपारी नेहमीसारखी उभी राहिली.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस हळहळले असते, नर्सरीवाल्याला चार शिव्या घातल्या असत्या, आणि माझ्याबरोबर येऊन स्वतः दुसरा निवडला असता. त्यांना सांभाळायच्या नादात मी त्यांना लहान पोर करून ठेवलं. फार वाईट वाटतंय.

मामा आता परत बाल्कनीत जायला लागलेत. पण आधी किचनच्या दारात येऊन थांबतात आणि विचारतात, "आज घालू काय गं पाणी?"

एवढं मोठं रान भिजवताना या माणसानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी "घाला की मामा" म्हणते... पण त्यांना विचारायची वेळ मीच आणली, हे काही केल्या मनातून जात नाही.