उभेरावांची जेवणाची सुट्टी

धुलाई कारखान्यात त्यांना सगळे उभेराव म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते कुणी पुकारलं की उभेरावही इतरांबरोबर मान वळवून बघत, हा कोण बुवा नवीन. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या ओल्या चादरी तापलेल्या रोलरच्या तोंडात सरकवणं हे त्यांचं काम. पलीकडच्या बाजूनं त्या कोरड्या, कडक होऊन बाहेर येत. तिथं मावशी आणि त्यांची जोडीदारीण त्या झेलून घड्या घालत. एवढंच. पण उभेरावांच्या मनात ते सगळ्या जगाच्या सुरकुत्या काढत होते.

दुपारी भोंगा व्हायचा. अर्धा तास जेवणाची सुट्टी. त्या वेळात कामगाराला कसलंही काम सांगू नये, असा कायदा भिंतीवरच्या पाटीवर रंगवलेला होता. उभेरावांना कुणी काही सांगत नसेच. ते आपणहूनच थांबत नसत. एका हातानं चादर, दुसऱ्या हातानं घास. बायको बिचारी वर्षानुवर्षं सगळं जेवण गुंडाळी करून देत होती, एका मुठीत मावेल असं. मालक जाता-येता पाठीवर थाप मारत. "उभेराव, तुम्ही या कारखान्याचा कणा आहात!" त्या थापेनं पाठदुखी संध्याकाळपर्यंत पळायची. हे फुकटातलं मलम आहे हे त्यांना कळत होतं. तरी ते रोज पाठ पुढे करत.

मग एका दुपारी मावशी घड्यांच्या ढिगावरच कलंडल्या. साखरेचा त्रास, वेळेवर पोटात काही गेलं नाही की डोळ्यांपुढे अंधारी येई. पाणी पिऊन, तोंड पुसून त्या उभेरावांकडे आल्या.

"एक विचारू, उभेराव?"

"विचारा की."

"तुम्ही इकडून घातलेली चादर तिकडून कुणी काढायची?"

"तुम्ही."

"मग मी जेवायचं कधी?"

उभेराव हसले. "अहो, मी कुठं अडवलंय? जा की खुशाल."

"जाते. आणि चादरी पडू देत फरशीवर. मग मालक विचारतील, कणा राबतोय आणि तुम्ही बसून गिळताय?" जोडीदारीण तोंडाला पदर लावून हसली. मावशी हसल्या नाहीत. "तुमची चादर रोज माझ्या ताटात येऊन पडते, भाऊ."

उभेरावांनी हातातल्या घासाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण आपली सुट्टी सोडतोय. ती तर त्यांनी सोडलीच, वर या दोघींचीही खाल्ली. उभ्या उभ्या, एका हातानं. पोट बरंच मोठं निघालं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी भोंगा होताच त्यांनी रोलर बंद करायच्या लाल बटणाकडे हात नेला. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून मालकांनी मान वर केली. उभेरावांनी त्याच हातानं कान खाजवला आणि पुढची चादर घेतली. कारखान्याचा कणा तो, एका नजरेत वाकला.

त्याच आठवड्यात, नेमक्या जेवणाच्या वेळेला, कामगार खात्याच्या तपासणीस बाई आल्या. रोलर चालू बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"सुट्टी देतो की आम्ही," मालक म्हणाले. "पण आमची माणसं स्वखुशीनं काम करतात. विचारा ना यांना!"

"खरंच स्वखुशीनं असेल, तर मी तसं लिहून जाईन," बाई म्हणाल्या. "सांगा काका, तुमच्या मर्जीनं करता?"

उभेरावांच्या तोंडात घास होता आणि घासामागे वाक्य तयार होतं. किती तरी वर्षांचं घोटलेलं, छान वाक्य. ते बोलून टाकलं की बाई जाणार, पाठीवर थाप पडणार. रोलरच्या पलीकडे मावशी टेबलाची कड धरून उभ्या होत्या. कपाळावर घाम. त्या उभेरावांकडे बघतही नव्हत्या. पुढची चादर येते का, ते बघत होत्या.

उभेरावांनी लाल बटण दाबलं.

अर्धी चादर आत, अर्धी बाहेर. करपल्याचा वास सुटला.

"मर्जी माझी आहे, बाई," घास कसाबसा गिळत ते म्हणाले. "पण चादर मी इथं घातली, की या दोघींना तिथं उभं राहावंच लागतं. त्यांची मर्जी मी कधी विचारली नाही. मालकांनीही नाही."

"अहो, चादर जळली!" मालक ओरडले.

"जळू दे," मावशी म्हणाल्या आणि डबा घेऊन बाकावर जाऊन बसल्या.

बाईंनी लेखी हुकूम दिला: सुट्टीत रोलर बंद. मालकांनी नंतर उभेरावांच्या पाठीला हात लावला नाही. पाठ पूर्ववत दुखू लागली.

मावशींनी बाकावर जागा करून दिली. उभेराव बसले. गुडघे कुठं ठेवायचे कळेना. डबा चार घासांत संपला आणि सवयीनं ते उठले.

"बसा!" दोघी एकदम ओरडल्या.

ते बसले. रिकामे हात मांडीखाली दाबून धरले.

संध्याकाळी घरी डबा ठेवत ते बायकोला म्हणाले, "उद्या काहीतरी पातळ दे."

"उभ्यानं सांडेल की."

"बसून खाईन."

बायकोनं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय हो, काढून टाकलं का तुम्हाला?"