ओल्या सालीच्या ठिणग्या

टीईटीसाठी सामान्य विज्ञानाची उजळणी करता करता काल मी संत्रं सोलत होते. पुस्तकात ज्वलनाचा धडा उघडा होता आणि बोटांना सालीचा तिखट वास लागला होता. त्या वासाने मला थेट मोर्शीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात नेऊन बसवलं.

बाईंनी टेबलावर मेणबत्ती लावली होती आणि ओली वस्तू सहजी पेटत नाही, असं त्या सांगत होत्या. तेवढ्यात माझी मैत्रीण नसीम उठली आणि डब्यातल्या संत्र्याची साल तिने ज्योतीजवळ धरून चिमटली. तडतड करत बारीक ठिणग्या उडाल्या. आता हिला मार बसणार, असं आम्हाला वाटलं.

"साल तं ओली हाये नं बाई," नसीम म्हणाली, "मंग पेटली कावून?"

बाई एरवी वर्गात पुस्तकातली भाषा बोलायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "मले बी नाई मालूम. पाहू आपण."

त्यांनी ज्योतीवर आधी पाण्याचा शिंतोडा उडवला, मग रसाचा. ज्योत नुसती चुरचुरली. मग त्यांनी साल कागदावर दाबली, तर तेलकट डाग उमटला.

"तेल हाये पोरीहो यात," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते तेव्हाच कळत होतं, आणि त्यांचा चेहरा आमच्यासारखाच उजळला होता.

बाईंना उत्तर येत नव्हतं, हे मी घरी नवलाने सांगितलं होतं. आता स्वतः शिक्षिका व्हायला निघाल्यावर वाटतं, भरल्या वर्गासमोर तसं म्हणायला मला जमेल का?