राष्ट्राध्यक्षांचं आडनाव

वर्गात नवा चेहरा दिसला की सर तर्जनी वर करायचे. "आधी आडनाव!" नाव नंतर, आणि बसायला सांगणं त्याच्याही नंतर.

खोपटला एसटी डेपोच्या मागे आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. मी ऑफिस सांभाळते, सर इंग्रजी शिकवायचे. आडनाव कशासाठी विचारतात हे ठाण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्हालाही कुणीतरी विचारलं असेल. तुम्हीही कुणाला विचारलं असेल. सरांकडे मात्र त्याचं आंतरराष्ट्रीय कारण होतं. कोरिया.

इंग्रजी पेपरात कोरियन पुढाऱ्याचं नाव चुकलं की सरांची सकाळ बिघडायची. तिकडे आडनाव पहिलं येतं आणि आपले लोक शेवटचा शब्द उचलून त्यालाच 'मिस्टर' लावतात. सरावासाठी सरांनी स्वतःचा एक राष्ट्राध्यक्षच तयार केला होता. मा दो-युन.

"मा हे आडनाव. इंग्रजीत लिहायचं प्रेसिडेंट मा. दो-युन म्हणून त्याला त्याची आई हाक मारते. तुम्ही त्याची आई आहात का?"

"नाही, सर!"

"मग लाड करू नका. त्यांचं नाव, त्यांची पद्धत. आपण कोण बदलणारे?"

मानपाड्याच्या एकाने विचारलं, "सर, नुसतं 'भाऊ' नाय चालणार? आमच्या भाऊंचं आडनाव कुणालाच माहीत नाय, तरी बॅनर सगळीकडे असतो."

सरांनी त्याला उभं केलं. तिकडे कोरियात सरकारं बदलत राहिली, आमच्या फळ्यावर मिस्टर मा यांची सत्ता अबाधित होती.

मग वर्तकनगरची संघमित्रा आली. तर्जनी वर गेली.

"संघमित्रा आनंद."

"आनंद हे आडनाव?"

"वडिलांचं नाव."

"मग आडनाव?"

"लावत नाही, सर."

"लावत नाही, पण असेल ना?"

"असेल की. पण लावत नाही."

वर्गात सगळे एकदम वहीत बघायला लागले. सर "बरं" म्हणाले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. पुढे वर्षभर तिने इंग्रजीत पहिला नंबर सोडला नाही आणि सरांनी अधूनमधून "मूळ गाव कुठलं?" विचारणं सोडलं नाही. ती "वर्तकनगर" सांगायची.

पुढे सरांचा घसा धरला. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं आणि सर ते दिसेल त्याला सविस्तर सांगत सुटले. शेवटी संध्याकाळची बॅच दुसऱ्या कुणाला तरी द्यायची ठरली. मालक म्हणाले, माणूस सरांनीच निवडायचा.

संघमित्रा माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, मला ती बॅच हवीय. आमच्या घरात शिकलेत सगळे. फळ्यापुढे अजून कुणी उभं राहिलेलं नाही."

सरांच्या मनात डोंबिवलीचा एक मुलगा होता. इंग्रजी बेताचं, पण त्याचे आजोबा सरांच्या आजोबांच्या गावचे निघाले होते. "घरंदाज आहे," सर मला म्हणाले.

"घराला शिकवायचंय की वर्गाला?" मी विचारलं, आणि मालकांना सांगून दोघांचंही एकेक प्रात्यक्षिक व्याख्यान ठेवायला लावलं.

मुलगा घामाघूम होऊन उतरला. संघमित्राने फळ्यावर लिहिलं, मा दो-युन. सर शेवटच्या बाकावर मफलर गुंडाळून बसले होते.

"प्रेसिडेंट मा," ती म्हणाली. "का? त्यांची पद्धत म्हणून. माणूस आपलं नाव जसं सांगतो तसं आपण घ्यायचं. आडनाव आधी सांगितलं तर आधी. शेवटी सांगितलं तर शेवटी. नाहीच सांगितलं, तर विषय संपला. आपण कोण बदलणारे?"

सर बराच वेळ मफलर सोडत-बांधत होते. मग उठून मालकांना म्हणाले, "बॅच हिला द्या. माझाच धडा माझ्यापेक्षा चांगला घेतला हिने."

मला वाटलं, माणूस बदलला. जिन्यात त्यांनी मला गाठलं. आवाज खालावलेला. "मॅडम, तुम्हाला माहीत असेल ना? तिचं... ते?"

"माहीत आहे."

"मग?"

"विषय संपला," मी म्हटलं. सर खोकल्याच्या आडून हसले.

घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला आणि ते कल्याणला मुलीकडे राहायला गेले. संघमित्राला काही अडलं की ती पॅसेजमधून त्यांना फोन लावायची. वाक्य वाचून दाखवायची आणि विचारायची, "सर, बरोबर?" पलीकडून सर फोनवर बोटाने वाजवायचे. एक टक म्हणजे बरोबर, दोन म्हणजे चूक. कधीकधी रागाने टकटक चालूच राहायची आणि ती हसून म्हणायची, "कळलं, सर, कळलं! हात दुखेल."

परवा तिने वाक्य वाचलं, विचारलं आणि टक ऐकायला ती थांबली. पुन्हा विचारलं. मग त्यांची मुलगी फोनवर आली असावी, कारण संघमित्राने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कधी गेले?"

फोन ठेवून तिने खडू उचलला. वर्ग भरला होता.