थोरल्या साडूंचं चिकटपट्टीशी वैर

माझ्या थोरल्या साडूंचं या जगात कुणाशीही वाकडं नाही. आहे ते फक्त चिकटपट्टीशी. पिंपरी पेंढारच्या या माणसाने उभा जन्म बैलांच्या खरेदी-विक्रीत घालवला. लाथाड्या बैल सख्ख्या व्याह्याच्या दावणीला बांधून पुढच्याच आठवड्यात त्याच व्याह्याकडे मटणाच्या रश्श्याला बसण्याची त्यांची छाती आहे. पण औषधाच्या दुकानातली ती बोटभर पट्टी अंगाला लागली, की तासाभरात खाली आग पेटते, संध्याकाळपर्यंत पट्टीच्या आकाराचा लालभडक चट्टा उठतो, आणि ओढून काढावी तर कातडीही सोबत निघते. त्यातून जिथे नको तिथे ती घट्ट, आणि जखमेवर मात्र घामाने सुटलेली. "पावणं, ही पट्टी म्हंजी नुसता रुसका जावई. ऱ्हायला तरी तरास, गेला तरी तरास," असं ते मला ऐकवतात. आपण दोघेही एकाच घरचे जावई आहोत, हे त्या भरात त्यांच्या लक्षात राहत नाही.

पट्टीला पर्याय शोधण्यात त्यांनी डोकं फार चालवलं. मोटारीच्या वायरीला गुंडाळायची काळी टेप लावून पाहिली, केळीचं पान बांधून पाहिलं, एकदा तर अंगठ्याला कांद्याच्या गोणीची सुतळी आवळून अंगठा वांग्यासारखा जांभळा करून घेतला. बेल्ह्याच्या बाजारात ते एका व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवत होते. कापलेल्या बोटावरची पट्टी नेमकी तेव्हाच सुटली आणि समोरच्याच्या हाताला जाऊन चिकटली. त्याने दचकून हात बाहेर काढला. "राव, बोटं कळली, पर ह्यो कुठला आकडा दिला?" साडू जराही न गडबडता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बैलासंगं फुकाट हाय." सौदा झाला!

मागच्या वर्षी मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. एका खोंडाचं शिंग त्यांच्या नडगीला लागलं. जवळच्या दवाखान्यात मलमपट्टी झाली, तेव्हा हे गप्प. "बैलवाल्यानं पट्टीला भ्यायचं व्हय?" हा त्यांचा बाणा. त्यातून अंगात साखरेचा आजार आहेच. पाचव्या दिवशी ताप भरला, म्हणून आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विजार वर करून पाहिलं, तर जखमेभोवती पट्टीखाली सगळे फोड फुटून पाणी वाहत होतं. आम्ही तसेच त्यांना नारायणगावला नेलं. तिथली डॉक्टरीण पोरगेलीशी, पण आवाज करारी. "काका, जखमेपेक्षा पट्टीच्या डिंकानं जास्त बिघडवलंय. अजून घरी बसला असता तर पायावर बेतलं असतं. हे आधी सांगता येत नव्हतं?" मी साडूंना खाली मान घातलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तिने जखमेला न चिकटणारी जाळी ठेवली, वरून मऊ कापडाचे वेढे दिले आणि शेवटाला गाठ मारली. डिंकाचा कातडीला स्पर्श नाही. पाय हळूहळू भरून आला.

तेव्हापासून साडू बोलके झाले, जरा जास्तच. डोळे तपासायला गेले तरी नाव सांगायच्या आधी "आमाला चिकटपट्टी चालत न्हाई" हे सांगतात. लग्नाच्या पंगतीतही विजार वर करून शेजारच्याला आपली नडगी दाखवतात आणि कापडाची गाठ कशी मारायची ते शिकवतात. समोरचा जिलेबी हातात धरून ऐकत राहतो.

या हिवाळ्यात आक्काच न्यूमोनियाने आजारी पडल्या. दोन दिवस त्यांचं काही खरं वाटत नव्हतं. साडू दवाखान्याच्या बाकावरून हलले नाहीत. मग उतार पडला, सलाइन निघालं. सुई काढून झाली होती, मनगटावर पट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते. सिस्टर ते ओढणार, तोच साडू उठले. "थांबा सिस्टर. मी काढतो."

"आवो, मला न्हाई काय व्हत त्यानं," आक्का क्षीण आवाजात म्हणाल्या.

"तू गप पड."

त्यांनी सिस्टरकडून वाटीत थोडं तेल मागून घेतलं. भाकरीही उभ्याउभ्या खाणारा हा माणूस स्टुलावर बसला, बायकोचा हात मांडीवर घेतला आणि कापसाने तेल लावत पट्टीची कड केसाकेसाने सोडवू लागला. मी चहा आणायला गेलो, तो घेऊन परत दारात आलो आणि तिथेच थांबलो. पट्टी केव्हाच निघून ताटलीत पडली होती.

"झालं का?" आक्कांनी डोळे मिटूनच विचारलं.

"आजून जरा हाय," साडू म्हणाले, आणि हात तसाच धरून बसले.